तीस नोव्हेंबरला सुटणारा दर

मिडलविच, गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय ब्रायनी,

तुझं पत्र आलं, तुझ्या बापाने, रॉयस्टनने, वाचून दाखवलं. तीन पानांपैकी दोन पानं सॅमन माशांची आणि एक वाऱ्याचं. माणसाचं नाव औषधालाही नाही. एकतिशी ओलांडलीस बाई, मासे कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्याशी लग्न लागत नाही. (रॉयस्टन म्हणतो, हे नको लिहायला. मी म्हटलं, तोंड माझं आहे, तू फक्त हात आहेस. लिही.)

फोनचं पुन्हा काढू नकोस. कानातलं यंत्र आणि फोन जवळ आले की दोघं एकमेकांना शिट्ट्या मारतात, मला काही सांगत नाहीत. पत्र बरं. दर गुरुवारी रॉयस्टन येतो, आठवड्याची पत्रं वाचतो, मी सांगते ते लिहितो आणि माझ्या हातचा बीफ-बटाट्याचा रस्सा खाऊन जातो. वाचणावळ स्वस्त आहे.

आता कामाचं. वीज-गॅसच्या कंपनीचं पत्र आलंय. गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा तूच कंपनी बदलून वर्षभराचा दर बांधून दिला होतास. तो बांधलेला दर तीस नोव्हेंबरला सुटतो. त्यानंतर आपण गप्प बसलो तर कंपनी आपल्याला सुट्या दरावर टाकते, म्हणजे त्यांच्या मनाला येईल ती किंमत. तेव्हा बदलायचं कधी, ते सांग. आत्ताच? की शेवटच्या दिवशी? लवकर सोडलं तर दंड, उशिरा सोडलं तर महागाई, असं काहीतरी रॉयस्टनने वाचलं.

गंमत म्हणून विचारत नाहीये. फेब्रुवारीत मी बाथरूममध्ये पडले ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून तुझ्या बापाच्या खिशात विलो कोर्ट नावाच्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक असतं. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या हसतायत, दात कुणाचेच स्वतःचे नाहीत. त्याला गप्प करायला मी शब्द देऊन बसले: ज्या महिन्यात घर उबदार ठेवणं आणि जेवणं ही दोन्ही माझ्या पेन्शनमध्ये बसणार नाहीत, त्या महिन्यात मी मुकाट्याने विलो कोर्टला येईन. आणि मी शब्द दिला की दिला. मी वाढले त्या बोटीवर कागद नव्हते, शब्दच होता.

म्हणून हा दर म्हणजे माझं घर आहे, बाई. नीट विचार करून लिही. दुसऱ्या कुणाला हे पत्र दाखवून विचारावं तर तेही जमायचं नाही. माझा जन्म कोळशाच्या बोटीवरचा. शाळेपाशी बोट कधी दोन दिवस थांबली नाही. आकडे आले, कारण पोती मोजायची असायची. अक्षरं आली नाहीत. आमची पत्रं कालव्याच्या फाटकावरच्या रखवालदाराची बायको वाचायची, आणि एकाने वाचलेलं पत्र दुसऱ्याकडे न्यायचं नाही हा बोटवाल्यांचा कायदा. नेलं म्हणजे पहिल्याला खोटारडं म्हटलं. माझ्या आईने एकदाच नेलं होतं. फाटकावरच्या बाईने पुढे पाच वर्षं तिला प्यायला पाणी दिलं, पण बोलायला शब्द दिला नाही.

माझा वाचणारा तर पोटचा आहे. तेव्हा तू लिही, तो वाचेल.

सांगणारी: डॉर्कस टॉली. लिहिणारा: रॉयस्टन.


लर्विक, शेटलंड, २७ सप्टेंबर

प्रिय आजी,

एका सॅमनने मागणी घातली होती, पण त्याचं घराणं बरं वाटलं नाही.

आता नीट ऐक. बांधलेला दर संपायच्या आधीचे एकोणपन्नास दिवस मोकळे असतात. त्या दिवसांत कंपनी सोडली तर दंड लागत नाही. तुझे मोकळे दिवस १२ ऑक्टोबरला सुरू होतात. त्याच्या एक दिवस जरी आधी सोडलंस तरी विजेचे पंच्याहत्तर आणि गॅसचे पंच्याहत्तर पौंड जातील. म्हणून १२ तारखेपर्यंत हलू नकोस. १३ ला मात्र लगेच बदल. वाट पाहू नकोस. कंपनी बदलायला आठवडाभर लागतो, आणि थंडी वाढली की चांगले दर बाजारातून नाहीसे होतात. मी सगळे दर पाहिले. आत्ता बांधून घेतलास तर गेल्या वर्षीपेक्षा महिन्याला पाच-सहा पौंड जास्त पडतील, बस. सुट्या दरावर गेलीस तर मात्र खरंच पेन्शन पुरायची नाही.

बाबा, तुम्ही हे वाचून दाखवताय म्हणून तुम्हालाच सांगते. त्या पत्रावरचा खाते क्रमांक मला कळवा, मी इथून करते. नाहीतर तुम्ही करा, दहा मिनिटांचं काम आहे. तारीख लक्षात ठेवा: तेरा ऑक्टोबर.

आजी, तू कुठेही जाणार नाहीयेस.

तुझी ब्रायनी


मिडलविच, गुरुवार, १० ऑक्टोबर

प्रिय ब्रायनी,

तू इतकी सबुरीची कधीपासून झालीस? मला वाटलं होतं तू लिहिशील, ऊठ आजी, आत्ताच्या आत्ता. आणि तुझं पत्र म्हणतं, घाई नको, नव्या वर्षात दर खाली येणार आहेत, तोवर शांत बस. रॉयस्टनने दोनदा वाचलं. मी म्हटलं, बघ बाबा नीट, ही आपलीच ब्रायनी ना? आईच्या पोटातूनसुद्धा तीन आठवडे आधी निघाली होती ती.

पण तू शिकलेली, तू दर बघितलेस. तू थांब म्हणालीस तर थांबते. बोट फाटकात शिरताना सुकाणू धरणाऱ्याला दहा जणांनी दहा गोष्टी सांगायच्या नसतात.

सॅमनबद्दल काही लिहिलं नाहीस. भांडण झालं का?

सांगणारी: डॉर्कस टॉली. लिहिणारा: रॉयस्टन.

ता. क. ब्रायनी, हे मी माझ्याकडून लिहितोय, तिला वाचून दाखवलेलं नाही. तुझं पत्र मी शब्दन्‌शब्द वाचलं होतं. तिने भलतंच धरून ठेवलंय. हल्ली असं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. कंपनी मी तेरा तारखेला बदलतो. तिला समजावत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं. तू निर्धास्त राहा. बाबा


लर्विक, २१ ऑक्टोबर

प्रिय आजी,

मी थांब असं लिहिलं नव्हतं गं. पण जाऊ दे, बाबा म्हणतात त्यांनी सगळं करून टाकलं आहे, म्हणजे प्रश्न मिटला. तुझा नवा दर बांधला गेला. हिवाळाभर हीटर लावायला अजिबात मागेपुढे पाहू नकोस, झोपायच्या खोलीतलासुद्धा.

आजी, रागावू नकोस, पण तुला हल्ली गोष्टी विसरल्यासारखं होतं का? झालं तर सांग. मला सांगायला काय हरकत आहे?

इथे वादळं सुरू झाली आहेत, समुद्रातल्या सॅमनच्या पिंजऱ्यांचं काम चौदा-चौदा तास चालतं. डिसेंबरपर्यंत पत्राला उशीर झाला तर समजून घे.

तुझी ब्रायनी


मिडलविच, गुरुवार, १२ डिसेंबर

प्रिय ब्रायनी,

मी ठीक आहे. तुझी तब्येत चांगली असेल अशी आशा करते. इथे थंडी पडली आहे पण घर उबदार आहे. रॉयस्टन माझी उत्तम काळजी घेतो. वयोमानाप्रमाणे आता मला एकटीने राहणं जड जाऊ लागलं आहे आणि मी पुढचा विचार करत आहे. तू कामात असतेस, तेव्हा उत्तराची घाई करू नकोस. नाताळच्या शुभेच्छा.

तुझी आजी


लर्विक, २० डिसेंबर

आजी,

हे पत्र कुणाचं आहे? पाच वेळा वाचलं. त्यात एकही टोमणा नाही. माझ्या लग्नाचा विषय नाही. "वयोमानाप्रमाणे" म्हणे! हा शब्द तुझ्या तोंडातून निघाला असता तर तूच आधी हसली असतीस.

तू आजारी आहेस का? बाबांना फोन केला तर ते म्हणाले, सगळं छान आहे, आजी थकली आहे इतकंच. पण ते फार पटकन म्हणाले.

मला खरं काय ते कळव. कुणाच्याही हाताने, कसंही. नाताळात मला सुट्टी नाही, बेटावरून सुटणाऱ्या बोटी बंद आहेत, नाहीतर उठून आले असते.

ब्रायनी


मिडलविच, मंगळवार, ७ जानेवारी २०२५

प्रिय ब्रायनी,

अक्षर बदललेलं दिसेल. हे ग्वेंडाचं आहे. ग्वेंडा म्हणजे आपल्या घरामागच्या कालव्यातून दर दुसऱ्या मंगळवारी कोळसा आणि गॅसच्या टाक्या विकत जाते ना, ती बोटवाली. बोटाला काळं लागलंय, कागदावर ठसे उमटले तर मला बोल लावू नकोस.

आज मी आयुष्यात पहिल्यांदा वाचून झालेली पत्रं दुसऱ्याकडे नेली. पेढीच्या चोरासारखी कोटाखाली धरून नेली, आणि ग्वेंडाला म्हटलं, "वाच."

ती म्हणाली, "मिसेस टॉली, तुमचा मुलगा वाचतो ना?"

मी म्हटलं, "वाचतो. म्हणूनच."

आधी झालं काय ते सांगते. स्वयंपाकघराच्या खिडकीत मीटरचा छोटा डबा आहे, त्यावर आकडे दिसतात. किती युनिट गेले, किती पौंड झाले. दर रविवारी मी युनिटांच्या रेघा फडताळाच्या दाराच्या आत खडूने ओढते, पोत्यांच्या ओढायची तशा. गेल्या वर्षीच्या रेघा अजून तिथेच आहेत. डिसेंबरात पैशाचा आकडा असा धावायला लागला की चहा ठेवायची भीती वाटायला लागली. रॉयस्टन म्हणाला, "आई, हे घर उष्णता खातं. जुनं झालंय." मी झोपायच्या खोलीतला हीटर बंद केला. कोट घालून झोपले. तरी आकडा धावतोच.

दोन जानेवारीला तो बिल घेऊन बसला. म्हणाला, "आई, पेन्शनमध्ये बसत नाहीये. तू शब्द दिला होतास." मी म्हटलं, दिला होता. विलो कोर्टला एक फेब्रुवारीपासून खोली ठरवली आहे म्हणाला. तो गेल्यावर मी बॅग काढली. दोन झगे भरलेही. मग फडताळ उघडलं आणि रेघा मोजल्या. या डिसेंबरच्या रेघा गेल्या डिसेंबरपेक्षा अकरा कमी आहेत, ब्रायनी. घराने जास्त खाल्लं नाही. दर बदलला. आणि दर नव्या वर्षात उतरेल म्हणून थांब, असं तूच लिहिलंस म्हणे. मग एक तर तू मला फसवलंस, नाहीतर तुझ्या पत्राने.

मला आधी तुझाच राग आला. तो तुला न सांगता ठेवणार नाही. चार रात्री तुला मनातल्या मनात इतकं बोलले की सगळे सॅमन पळून गेले असते. नोव्हेंबरात त्याने तुझं म्हणून वाचलं होतं की, "आजी, आता बाबांचं ऐक, विलो कोर्ट छान आहे." मला वाटलं, तोंडावर सांगायची हिंमत नाही हिची, कागदाच्या आडून सांगते.

आज ग्वेंडाने तुझी सप्टेंबरपासूनची सगळी पत्रं वाचली. तेरा ऑक्टोबर. वाट पाहू नकोस. तू कुठेही जाणार नाहीयेस. हे सगळं माझ्या घरात होतं. बिस्किटांच्या डब्यात, फायरप्लेसच्या फळीवर, रोज मी ज्यावरची धूळ पुसते त्या डब्यात. त्याने पत्रं फाडली नाहीत. जाळली नाहीत. लपवलीसुद्धा नाहीत गं. वाचून झाली की माझ्याच हातात द्यायचा, "ठेव आई नीट." लपवायची गरजच वाटली नाही त्याला. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

(मिसेस टॉली रडत नाहीयेत, असं लिहायला त्यांनी सांगितलंय. ग्वेंडा)

आता पुढचं. हे पत्र पोचेल तेव्हा पाठोपाठ त्याच्या हातचंही एक येईल. परवा गुरुवारी तो आला की मी त्याला नेहमीसारखं लिहायला बसवणार आहे. मी सांगेन: "लिही, ब्रायनी, मला स्वप्न पडलं की माझा मुलगा मला पत्रं खोटी वाचून दाखवतो." एवढंच. ओरडणार नाही, विचारणार नाही. दार उघडून ठेवते, आत यायचं की नाही ते त्याचं. ते वाक्य त्याने तसंच लिहिलं तर समजेन की अजून त्याला लाज आहे, आणि बाकीचं सगळं गिळून टाकेन. आई आहे, बरंच गिळलंय. तू फक्त मला कळव, त्याने काय लिहिलं. घरी पाठवू नकोस, ग्वेंडाच्या कोळशाच्या धक्क्यावर पाठव, पत्ता खाली आहे.

कंपनीचा खाते क्रमांकही ग्वेंडा खाली लिहिते. आता बदलायला दंड आहे का, ते बघ. आणि कुणाला न विचारता बदल. मी सांगतेय म्हणून.

सांगणारी: डॉर्कस टॉली. लिहिणारी: ग्वेंडा.


मिडलविच, गुरुवार, ९ जानेवारी

प्रिय ब्रायनी,

मी बरी आहे. काळजी करू नकोस. काल मला एक छान स्वप्न पडलं, की मी विलो कोर्टच्या बागेत उन्हात बसले आहे आणि रॉयस्टन मला चहा आणून देतोय. मला वाटतं ते चांगलं लक्षण आहे. एक फेब्रुवारीला मी तिकडे जात आहे. तुला आनंद होईल अशी आशा करते.

तुझी आजी


लर्विक, १५ जानेवारी

आजी, त्याने ते लिहिलं नाही.

त्याने तुझं स्वप्न बदललं. त्याच्या पत्रात तू विलो कोर्टच्या बागेत उन्हात बसली आहेस आणि तो तुला चहा देतोय. मी ते पत्र सोबत पाठवते आहे, ग्वेंडा तुला वाचून दाखवेल. पाठवू नये असंही वाटलं. मग वाटलं, काय ऐकायचं आणि काय नाही हे तुझ्या वतीने ठरवणारा आणखी एक माणूस कशाला?

मला एक कबूल करायचं आहे. ऑक्टोबरमध्ये बाबांनी मला लिहिलं की तुला हल्ली विसरायला होतं, आणि मी लगेच मानलं. तू त्र्याऐंशीची आहेस एवढ्या एकाच कारणावरून. तुला उलट विचारलंसुद्धा. तू अकरा रेघांचा फरक पकडलास आणि मी माझ्या स्वतःच्या पत्रातलं वाक्य तू विसरलीस असं समजले. त्याने तुला फसवलं तेव्हा दुसरं टोक मी धरून उभी होते.

कंपनी बदलली आहे. तेरा ऑक्टोबरला बाबांनी काहीच केलं नव्हतं, म्हणून तू सुट्या दरावर गेलीस; त्या दराला दंड नसतो, कधीही सोडता येतो. तेवढंच त्याचं बरं. सत्तावीस जानेवारीपासून वर्षभराचा नवा दर बांधला आहे. ऑक्टोबरातल्यापेक्षा महिन्याला नऊ पौंड महाग, पण तुझ्या पेन्शनमध्ये बसतो. मी तीनदा आकडेमोड केली. डिसेंबर-जानेवारीचं जे जास्त गेलं ते गेलं.

बाबांना मी फोन केलेला नाही. केला असता तर काय बोलले असते मला माहीत नाही. तू सांगशील तेव्हा बोलेन.

तुझी ब्रायनी


मिडलविच, मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ब्रायनी,

तुझं पत्र ग्वेंडाने एकवीसला वाचलं. तुझं झाल्यावर त्याचं वाचलं. बागेशी येऊन ती थांबली, माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "वाच पुढे, ऊन कसं आहे ते तरी कळू दे."

तेवीसला, गुरुवारी, रॉयस्टन आला. भूक लागली म्हणाला. आधी पोटभर वाढलं. उपाशी माणसाला धरण्यात काय मोठेपणा? मग ताट उचललं आणि तुझं पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. "आलंय बघ ब्रायनीचं. वाच."

त्याने उघडलं. नजर पहिल्या ओळीवर गेली आणि मानेपर्यंत लाल झाला. आता बोलेल, मला वाटलं. देवाशपथ, अजूनही मी वाट बघत होते. त्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला, "प्रिय आजी, तू बरी असशील अशी आशा करते..."

मी म्हटलं, "ती ओळ नाहीये तिथे. तिथे लिहिलंय, आजी, त्याने ते लिहिलं नाही."

ब्रायनी, अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण तोंड असं झालं की मला त्याला सहाव्या वर्षी कालव्यातून केसांना धरून ओढून काढला होता ते आठवलं. मग म्हणाला, "कोणी वाचलं तुझ्यासाठी?"

"कोणी वाचलं ते विचारतोस. काय वाचलं ते नाही विचारत."

"आई, तू चार तास फरशीवर पडली होतीस. चार तास! मी फोन करतोय, करतोय, आणि तुला ऐकू जात नाही. वर्ष झालं, कामावरून परतताना रोज पाच मैल वाकडी वाट करून इथून जातो. खिडकीत दिवा दिसला की मग घरी जातो."

"हे मला माहीत नव्हतं."

"सांगितलं असतं तर आली असतीस विलो कोर्टला?"

"नाही."

"मग? मी करायचं काय होतं?"

"तू विचारलं असतंस, मी नाही म्हटलं असतं. तू परत विचारलं असतंस, मी परत नाही म्हटलं असतं. आई-मुलाचं असंच चालतं, मरेपर्यंत. तू माझा नकारच खिशात घालून नेलास. मला थंडीत कोट घालून झोपवलंस आणि गुरुवारी येऊन विचारलंस, आई, गार वाटतंय का?"

"तू शब्द दिला होतास," म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

"घर महाग पडलं तर, असा शब्द होता. घर महाग पडलं नाही. तू पाडलंस."

मग तो रडला. मी पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवावासा वाटला, लपवत नाही. पण माझा हात उठला असता तर त्याला वाटलं असतं मिटलं. मिटलेलं नाही. त्याने मला फसवलं हे एक. पण माझ्या तोंडून तुला फसवलं, तुझ्या तोंडून मला फसवलं, आणि मी चार रात्री माझ्या नातीला शिव्या दिल्या. त्या मी परत कुठून गोळा करू?

विलो कोर्टला त्याने तिथेच माझ्यासमोर फोन करून खोली सोडली. मी म्हटलं, जोरात बोल, मला ओठ दिसू देत. फेब्रुवारीची पहिली तारीख मी माझ्या खुर्चीत बसून काढली. झोपायच्या खोलीतला हीटर सुरू आहे. त्याचं म्हणणं मी ऐकलंच नाही असंही नाही: ग्वेंडाने गळ्यात घालायचं बटण आणून दिलंय, पडले तर दाबायचं. बोटीवर मांजराच्या गळ्यात घंटा असायची, तशी दिसते. हे मला त्याने सरळ विचारलं असतं तरी घातलं असतं. कदाचित.

तू त्याच्याशी बोल. बाप आहे तुझा. पण माझ्या बाजूने भांडू नकोस, माझं भांडण मला पुरतं. आणि टोक धरून उभी होतीस वगैरे पुन्हा लिहू नकोस. मी तुला बोलले, तू मला म्हातारी समजलीस, फिटलं.

निघताना दारात उभा राहून त्याने विचारलं, "पुढच्या गुरुवारी येऊ?"

मी म्हटलं, "ये की. जेवायला ये. फक्त तुझा चष्मा गाडीतच ठेवून ये."

गेल्या गुरुवारी आला. चष्म्याशिवाय. डोळ्यांखाली नाकावर दोन लाल खुणा होत्या, म्हणजे दारापर्यंत घालून आला असणार. टेबलावर नव्या कंपनीचं पाकीट सकाळीच येऊन पडलं होतं. मी ते हलवलं नाही, त्यानेही हलवलं नाही. दोन्हीकडे ताटं आणि मध्ये ते. मीठ घ्यायला हात पुढे केला की त्याचा हात त्या पाकिटावरून जायचा आणि मागे यायचा. एकदा तो पाकिटाकडे बघायचा, एकदा मी. असं आम्ही जेवण संपेपर्यंत बसलो. दोघांनाही वाचता येत नव्हतं.

सांगणारी: डॉर्कस टॉली. लिहिणारी: ग्वेंडा.